बंद झाकणांचे रणगाडे

यासीन, वाद अर्धा टाकून उठून जाणं तुझ्या स्वभावात नव्हतं. बारा वर्षांत तू तसं एकदाही केलं नाहीस. चहा गार झाला, खाली गिऱ्हाईक हाका मारून कंटाळलं, तरी तू फुटपट्टी हातात धरून मला नियम समजावत बसायचास. म्हणून यावेळी तू असाच निघून गेलास, हे मला पटत नाही. शुक्रवारी जेवण झालं की हात अजून स्कूटरच्या किल्लीकडे जातो. मग आमची ही विचारते, "कुठं निघालात?" आणि मी म्हणतो, "कुठं नाही."

बत्तीस दिवस झाले. मी मोजतो, कारण मी स्टोरकीपर आहे, मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. तू सकाळी दुकानाचं शटर अर्धं उचललंस आणि तिथंच बसलास, एवढंच लोकांनी सांगितलं. मला कारखान्यात निरोप आला तेव्हा मी बेअरिंगांची पेटी उघडत होतो. दुपारी कब्रस्तानात तीन मुठी माती टाकली. भोवती सगळी तुझी माणसं होती, मला ओळखणारीही बरीच होती. पण आपण दोघं नक्की काय करायचो हे त्यांतल्या एकालाही नीट माहीत नव्हतं. "दुकानात बसायचे दोघं," असं कोणीतरी कोणाला तरी सांगत होतं. चाळिशी उलटलेली दोन माणसं माळ्यावर बसून प्लॅस्टिकचे रणगाडे चिकटवतात आणि टेबलावर त्यांची लढाई लावतात, हे कब्रस्तानात कसं सांगायचं?

आपली ओळख मोटारीमुळे. बिरवाडीच्या आमच्या कारखान्यातली जळलेली मोटार वाइंडिंगला टाकायला मी तुझ्या महाडच्या दुकानात आलो, आणि तू मोटार सोडून भलतंच काहीतरी भिंगातून बघत होतास. रुपयाच्या नाण्याहून लहान चाक. "हे कशाचं?" मी विचारलं. "टँकाचं," तू मान वर न करता म्हणालास. मला कॉलेजपासून लढायांचा किडा. वाचनालयातली त्या विषयावरची सगळी पुस्तकं मी वाचून संपवलेली. मी म्हणालो, "टी-चौतीस?" तेव्हा कुठं तू भिंग खाली ठेवलंस आणि माझ्याकडे नीट बघितलंस. महाडच्या बाजारपेठेत ते चाक ओळखणारा दुसरा माणूस तुला भेटला नव्हता. मलाही नाही. मोटार मात्र तू चार दिवस उशिरा दिलीस.

तू कुवेतला मेकॅनिक होतास. तिथं रणगाडे शिरले ती पहाट तू मला एकदाच सांगितलीस, वार्निशमध्ये ब्रश बुडवता बुडवता, काल पाऊस झाला अशा सुरात. रस्ताभर खडखडाट. तू दाराशी उभा. एक टँक समोर थांबला. त्याच्या वरच्या झाकणातून कमरेपर्यंत बाहेर आलेला एक शिपाई, मिसरूड फुटायचं होतं म्हणालास, त्यानं खुणेनं पाणी मागितलं. तू बाटली फेकलीस. "झेलली नाय रे त्यानं. खाली पडली. मग दुसरी हातात नेऊन दिली." आणि मग म्हणालास, "डोकं बाहेर होतं म्हणून समजलं आत माणूस हाय. झाकण बंद असतं तर मी पळालो असतो." मी तेव्हा दुसऱ्याच विचारात होतो. टँक कोणत्या बनावटीचा होता हे मी तुला विचारलं. माझं हे असंच.

तिथून तू नेसत्या कपड्यांनिशी परत आलास, मग दोन वर्षं दुबईला गेलास आणि येताना घरच्यांसाठी घड्याळं, अत्तरं आणि स्वतःसाठी नऊ खोके घेऊन आलास. प्रत्येक खोक्यात प्लॅस्टिकच्या जाळीला चिकटलेले शेकडो तुकडे. जोडला की रणगाडा दोन काडेपेट्या एकापुढे एक ठेवल्या तर होईल एवढा. पुढं तिकडून येणाऱ्या तुझ्या प्रत्येक नातेवाइकाला तू तेच आणायला सांगायचास. मेव्हण्यानं एकदा चुकून विमान आणलं तर तू आठ दिवस त्याच्याशी बोलला नाहीस.

चिकटवायला जो खास डिंक लागतो तो महाडात कुठून मिळणार? मी आमच्या लॅबवाल्याच्या पाया पडून एक सॉल्व्हंट आणलं, डोळ्यांच्या औषधाच्या बाटलीत. थेंब लावला की प्लॅस्टिक विरघळून एकजीव होतं. तुकडे कापायला नेलकटर, घासायला तुझा पॉलिशपेपर, बारीक रंगकामाला वाइंडिंगची छत्तीस नंबरची तार. उमरठला पंप दुरुस्तीला गेलास की झाडांच्या खोडांवरचं वाळकं शेवाळ पिशवी भरून आणायचास, त्याची आपली झुडपं. टेबल म्हणजे नाते गावातल्या आमच्या घराचा एक जुना दरवाजा, मोटारींच्या खोक्यांवर आडवा टाकलेला. त्यावर हिरवा रंगवलेला भुसा. बाजारात सावित्रीचं पाणी चढायला लागलं की तू आधी खाली रंगकामाला काढलेले टँक माळ्यावर न्यायचास आणि मग लोकांच्या मोटारी. शेजारचा भांडीवाला बोंब मारायचा, "अरं यासीन, माझा पंप बुडाला!" आणि तू वरून ओरडायचास, "बुडाला तर सुकेल!"

लढाई कोणती लावायची यावर आपलं पहिल्याच दिवशी एकमत झालं. रशियातली. कारण तिथं दोन्हीकडे आपला कोणी नाही. मग चिठ्ठ्या टाकल्या. तू रशियन झालास, मी जर्मन, आणि बारा वर्षं ते कोणी बदललं नाही. फासे, शिंप्याची टेप आणि तुझ्याकडची इंग्रजी नियमांची झेरॉक्स. ती मी मराठीत वहीत उतरवून काढली. एक नियम मात्र आपला आपण केला. ज्याचा रणगाडा पेटला त्यानं स्वतःच्या हातानं त्यावर काजळी लावलेला कापूस ठेवायचा. समोरच्यानं ठेवायचा नाही. "आपला आपण ठेव," तू म्हणायचास. "म्हंजे कबूल केलंस असं होतं."

आता ती गोष्ट सांगतो, जी तुला माहीत आहे आणि मला माहीत नव्हती.

पहिला खोका तू आमच्या घरी उघडणार होतास. आठवतं? तू नाते गावी आलास, आईनं चहा दिला, तू भिंतीवरचे फोटो बघितलेस, तिच्याशी दोन शब्द बोललास, आणि खोका काखेत मारून म्हणालास, "नको, दुकानातच बसू." मला वाटलं, आमचं घर काळोखी आहे, तुला उजेड हवा असेल. पुढच्या शुक्रवारी माळ्यावर तू जाळीवरचा एकेक तुकडा कापायला लागलास. त्यात रणगाड्याच्या वरच्या झाकणात उभा करायचा एक माणूस होता. कमरेपर्यंतचा, हरभऱ्याच्या दाण्याहून थोडा उंच. तो तू कापलास, तळहातावर घेऊन क्षणभर बघितलास आणि चॉकलेटच्या पत्र्याच्या डब्यात टाकलास. झाकण बंदच बसवलंस.

मी काय समजलो असेन? तुमच्यात माणसाची आकृती करत नाहीत, असं मी कुठंतरी ऐकलं होतं. झालं. मी मनात म्हणालो, दत्ता, बोलू नको, त्याचा धर्म आहे. माझ्या रणगाड्यातला माणूसही मी मुकाट्यानं तुझ्या डब्यात टाकला. तू माझ्याकडे बघितलंस, मान हलवलीस. मला वाटलं, याला बरं वाटलं. स्वतःच्या समजूतदारपणावर मी एवढा खूश झालो की वही उतरवताना एक अख्खा नियम गाळला. झेरॉक्समध्ये होतं की झाकण उघडून माणूस बाहेर असेल तर त्या रणगाड्याला साठ सेंटिमीटरपर्यंत दिसतं, झाकण बंद असेल तर तीसच. माणसंच लावायची नाहीत तर नियम कशाला? वहीत मी सरसकट तीसच लिहिलं. तू वही वाचलीस, त्या पानावर थांबलास, पुन्हा मान हलवलीस आणि पान उलटलंस.

तुझ्या दुकानात मीटरच्या वर एका नटीचं कॅलेंडर होतं, दरवर्षी नवं. शेजारच्या पोरीची बाहुली तू माझ्यासमोर उघडून तिचा आवाज दुरुस्त करून दिलास. तुझ्या घरी कपाटाच्या काचेमागे सगळ्या खानदानाचे फोटो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बारा वर्षांत मला एकदाही वाटलं नाही की साधं विचारावं: यासीन, माणसं का लावत नाहीस?

शेवटचा डाव आठवतो. तुझा टी-चौतीस टेकडीवर. ती टेकडी तू पोलादपूरकडच्या घाटाची नक्कल म्हणून केली होतीस, वरून सपाट आणि बाजूनं तुटलेली. माझा रणगाडा खालच्या घळीत, शेवाळामागे. तू म्हणालास, दिसतो. मी टेप लावली. बावन्न.

"तीसच्या पुढं तुला दिसत नाही."

"अरे दत्ता, ही टेकडी हाय. टेकडीवरनं नाय दिसत तर मग कुठनं दिसतं?"

"झाकण बंद आहे तुझं. नियम म्हणजे नियम."

"पुस्तकात उघड्या झाकणाचा नियम हाय."

"वहीत नाही."

तू टेपचं तुझ्याकडचं टोक खाली ठेवलंस. एरवी तू लाल व्हायचास, यावेळी नाही झालास. हळूच म्हणालास, "वहीत का नाय ते मला म्हायती हाय. त्याच्यासाठी तर मी..." आणि थांबलास. मी ऐकलं. खोटं बोलत नाही, स्पष्ट ऐकलं. पण राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर होता. मला वाटलं, बघा, तुझ्यासाठी मी नियम गाळला आणि वर तूच मला उपकार सांगतोस. मी म्हणालो, "हरायला आलं की पुस्तक आठवतं तुला." तेवढ्यात खालून कोणीतरी हाक मारली, पंप घेऊन आलं होतं. तू उठलास. "डाव राहू दे असाच. पुढच्या शुक्रवारी बघू."

पुढच्या शुक्रवारी मी आलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तू कारखान्यात फोन करशील, 'ये रे, तुझंच खरं,' असं म्हणशील, याची वाट बघत बसलो. तीन शुक्रवार गेले. चौथ्या शुक्रवारी येणार होतो, आईशपथ येणार होतो. तू मंगळवारीच गेलास.

आणि परवा आपा आमच्या घरी आल्या. भाभी इद्दतीत, नवऱ्यामागचे चार महिने बाहेर पडत नाहीत, म्हणून तुझ्या मोठ्या बहिणीला पाठवलं. दुकान दुसऱ्या कारागिराला द्यायचं ठरलंय, माळा महिनाअखेर रिकामा करून हवा. त्यांनी माळ्याची किल्ली माझ्या हातात दिली आणि पिशवीतून तो पत्र्याचा डबा काढला. "ह्यो तुमचाच हाय, दत्ताभाई. दुसऱ्या कुनाला नको द्यायला, असं ती बोलली."

मी झाकण काढलं.

यासीन, सगळी रंगवलेली होती. तुझीही आणि माझीही. तुझ्या रशियनांना खाकी, माझ्या जर्मनांना काळा गणवेश, कातडी टोप्या, गळ्यातल्या दुर्बिणी. चेहरे होते. छत्तीस नंबरच्या तारेनं भुवया काढल्या होत्यास. एकाला नुकतीच फुटलेली मिसरूड. कापूस पसरून त्यात ओळीनं झोपवलेली एकतीस माणसं.

मी आपांना विचारलं, "लावली का नाहीत त्यानं?"

"मी पन इचारलं एकदा," आपा म्हणाल्या. "एवढी म्हेनत करतोस, मग लावत का नाय? तर बोलला, दत्ताचा थोरला भाऊ टँकात गेला. झाकनातनं डोकं काढलेला मानूस बघितला की त्याच्या काळजात कळ येल. तो बोलत नाय, पन त्यानं वहीतनं ते पानच काढून टाकलंय. नको आपा, असंच बरं."

त्या वळून भिंतीवरच्या दादाच्या फोटोकडे बघत होत्या. गणवेशातला दादा, मागे भला मोठा रणगाडा, एक हात त्याच्या पट्ट्यावर ठेवलेला.

ते तुला आईनं सांगितलं होतं, तेव्हा, चहा देताना. "माझा थोरला. रणगाड्यावर होता." ती सगळ्यांना हेच सांगायची. आणि मी तिथं उभा होतो. मी ऐकलं आणि गप्प राहिलो, कारण गावात सगळेच तसं समजत होते आणि मला ते आवडायचं.

दादा रणगाड्यावर नव्हता. लंगरात होता. फौजेचा स्वयंपाकी. त्याची पत्रं आहेत माझ्याकडे, सगळी डाळीत मीठ किती आणि कांदा किती महागला यांनी भरलेली. तो रणगाडा छावणीच्या फाटकाशी शोभेला ठेवलेला होता, निकामी, रंग फासलेला. नव्या पोरांना तिथं उभं करून फोटोवाला फोटो काढायचा. दादा तापानं गेला, इस्पितळात, लढाईचं नाव नसताना. नाते गावचं पोर फौजेत भाकऱ्या थापत होतं आणि तापानं गेलं, असं कोण सांगणार? आईनं रणगाडा सांगितला, आणि पुढं मी तो तसाच चालू ठेवला.

तू त्या रणगाड्यातल्या माणसासाठी बारा वर्षं तुझी माणसं डब्यात ठेवलीस. आणि मी, तुझ्या नसलेल्या धर्मसंकटासाठी माझी. एकमेकांची एवढी काळजी घेतली आपण, आणि एकमेकांना काही विचारलं नाही. रणगाड्याच्या चाकावरून तास तास भांडणारी माणसं आपण. तुझे आभार मानू की तुझ्यावर चिडू हे मला कळत नाही. दोन्ही करतो. रात्रंदिवस दोन्ही करतो.

आपांनासुद्धा मी खरं सांगितलं नाही, यासीन. त्या फोटोकडे बघून डोळ्याला पदर लावत होत्या आणि मी "चहा घेता का" म्हणालो.

काल दुपारी माळ्यावर गेलो. शुक्रवार होता. डाव तसाच होता, भुशावर धुळीचा थर. तुझी खुर्ची बाजूला सरकवलेली, उठताना सरकवलीस तशी. मी माझ्या जागेवर बसलो. एकट्यानं खेळून बघावं असंही वाटलं, पण दोन्हीकडून आपणच खेळलो तर आपला डाव आपल्याला कळतो, त्यात काय राम. पत्ते एकट्याचे असतात, कोडी एकट्याची असतात. याला मात्र समोर माणूसच लागतो, आणि या अख्ख्या तालुक्यात तो एकच होता.

मग टेकडीवरचा तुझा टी-चौतीस उचलला. झाकण उघडायला ब्लेड बरोबर आणलं होतं, कारण माझ्या सगळ्या रणगाड्यांची झाकणं मी सॉल्व्हंटनं अशी एकजीव केलीत की फोडल्याशिवाय निघणार नाहीत. ब्लेड लागलंच नाही. नख लावल्याबरोबर झाकण हातात आलं. खाली मेणाचा एक ठिपका होता, नुसता टेकवलेला. दुसरा उचलला, त्यालाही मेण. तिसरा, चौथा. तुझे चौदाच्या चौदा. एकाचंही झाकण तू चिकटवलं नव्हतंस. मी कधीतरी दादाबद्दल बोलेन आणि मग ती उघडता येतील, म्हणून तू वाट बघत होतास. बारा वर्षं.

तेव्हा मला रडू आलं. तोवर आलं नव्हतं, कब्रस्तानातही नाही.

मिसरूडवाला माणूस शोधून काढला. तुझ्या टेकडीवरच्या टँकात कमरेपर्यंत उभा केला. बसला नेमका. टँक परत जागेवर ठेवला, धुळीत त्याच्या पट्ट्यांच्या खुणा होत्या तिथंच. टेप लावली. बावन्न. झाकण उघडं असेल तर साठ. पुस्तकात आहे, वहीत मी आता लिहिलंय, त्याच पानावर.

दिसत होता तुला माझा रणगाडा. फासा मी टाकला नाही, तो तुझा आहे, तुझ्या बाजूला तसाच पडलाय. पण एवढ्या अंतरावरून तू कधी चुकला नव्हतास. डब्यातला कापूस घेतला, कंदिलाच्या काचेवरची काजळी लावली आणि माझ्या रणगाड्यावर ठेवला. माझ्या हातानं.

डबा तुझ्या खुर्चीसमोर ठेवला. खाली बाजारात लोक होते, शटर उघडं होतं, कोणीही ऐकलं असतं. तरी मोठ्यानंच बोललो.

"दादा लंगरात होता रे, यासीन. चपात्या लाटायचा. लाव तुझी माणसं."